पत्र न लिहिलेली मुलगी

वसईत ज्या वर्षी धर्मग्रामात दृढीकरण असतं, त्या वर्षी शिंप्यांना उसंत नसते. बिशप येणार म्हणून चर्चला रंग लागतो, पाहुण्यांच्या याद्या होतात, पांढरे कपडे शिवून येतात. या सगळ्या धांदलीत ज्यांच्यासाठी हा संस्कार, त्या आठवी-नववीतल्या मुलांना कुणी काही विचारतं का? आमच्या मास्तरांनी विचारलं. आज मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, त्यातलं जे काही बरं आहे ते त्यांचं आहे.

मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. सकाळी पानमळ्याला पाणी, मग शाळा, आणि रविवारी मिस्सा आटोपली की आमचा वर्ग. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "स्नानसंस्काराच्या वेळी तुम्ही तान्हे होता. तुमच्या वतीनं आईबाप बोलले, धर्म-आईबाप बोलले. आता बिशप विचारतील तेव्हा दुसरं कुणी बोलणार नाही."

पवित्र आत्म्याची सात दानं प्रत्येक वर्गात पाठ करून घेतात. मास्तरांनी ती फळ्यावर लिहिली आणि म्हणाले, "घरी जा. यातलं आपल्या घरात कुठलं कमी पडतंय, ते बघून या." तेव्हा आमच्या पट्ट्यात जमिनींचे सौदे जोरात होते. आमच्याही घरात बाबा आणि काका वाडीवरून एकमेकांशी बोलत नव्हते. मी 'सुज्ञता' लिहून नेलं. मास्तरांनी वाचलं, कागद घडी करून मला परत दिला आणि वर्गात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. धर्मशिक्षण आपल्या ओसरीपर्यंत येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दृढीकरणात पाठीशी उभं राहणारं माणूस आईबापांपैकी चालत नाही. ते स्वतः दृढीकरण झालेलं आणि सोळा वर्षं पूर्ण केलेलं लागतं, असा चर्चचा नियम आहे. लोक बहुधा मानाच्या पाहुण्याला उभं करतात. मास्तर म्हणायचे, आधी त्या माणसाकडे एकदा जेवायला जा आणि विचार, "तुमचा विश्वास कधी डळमळला होता का?" माझी मावशी या प्रश्नावर बराच वेळ भात कालवत राहिली. मग मूल गेलं त्या वर्षाबद्दल बोलली. तोवर ती मला नुसती लाड करणारी मावशी होती.

शेवटी प्रत्येकानं बिशपांना पत्र लिहायचं होतं: मला हा संस्कार का हवा आहे. पत्र नाही तर यादीत नाव नाही. मी लिहिलं नाही. घरातलं भांडण मिटत नव्हतं, आणि त्याच घरातून नटूनथटून वेदीपुढे जायचं मला पटत नव्हतं. मी मास्तरांना एवढंच म्हटलं, "सर, अजून नाही."

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. बाबा तापलेले. "मास्तर, सगळ्या नातेवाइकांना सांगून झालंय. लोक काय म्हणतील?"

मास्तरांनी चहा संपवला. "बिशप पुन्हा येतील हो. हिच्या तोंडून ओढून काढलेला होकार मात्र उद्या हिलाच खोटा वाटेल."

त्या तुकडीत मी गेले नाही. रविवारच्या वर्गाला मात्र मास्तरांनी मला येऊ दिलं, बाकावरची जागा तशीच ठेवली. पुढच्या तुकडीच्या वेळी मी पत्र लिहिलं, तेव्हाही घरातलं भांडण पुरतं मिटलं नव्हतं. पण ते मिटवायला बळ मागावं, असं आता वाटत होतं.

आजी सांगायची, तिच्या वेळी बिशप तेल लावून झालं की गालावर हलकी चापट मारायचे, ख्रिस्तासाठी सोसायची तयारी ठेव म्हणून. पोप सहावे पॉल यांनी 1971 मध्ये नवा विधी दिला, त्यात ती चापट राहिली नाही. माझ्या कपाळावर बिशपांनी सुगंधी तेलाचा क्रूस काढला, "शांती असो" म्हणाले, आणि मी उत्तर दिलं. उत्तर माझं होतं, आणि ते माझं राहावं म्हणून एक माणूस माझ्या बापासमोर बसला होता.

मास्तर आता नाहीत. पत्रांची पद्धत मी सोडलेली नाही. दोन पत्रं शब्दाला शब्द सारखी निघाली की दोन्ही परत जातात. एखाद्याचं आलंच नाही, तर मी त्याच्या घरी जाते. आया चिडतात, हॉल ठरलेला असतो, केकची ऑर्डर दिलेली असते. मग मी सांगते, मास्तरांनी मलाही एकदा थांबू दिलं होतं. बहुतेक घरांत कुणी ना कुणी त्यांच्या हाताखाली शिकलेलं निघतंच, आणि आवाज खाली येतो. त्यांचं नाव मी असं बिनदिक्कत वापरते. म्हणजे फेड राहिली बाजूला, उसनवारी अजून चालूच आहे.