नोंदणीपूर्वीची सही

आम्ही तिघा भावंडांनी बेकरीसाठी कंपनी काढावयाचे ठरविले. नोंदणी व्हावयाची होती, तोच ओव्हनच्या व्यापाऱ्याने करार पुढे केला. सहीखाली ‘कंपनीकरिता’ लिहिले की झाले, असे धाकट्याचे मत. वकिलांनी १८६६ चा इंग्लंडमधील केल्नर विरुद्ध बॅक्स्टर हा खटला सांगितला. नियोजित हॉटेल कंपनीकरिता प्रवर्तकांनी मद्य खरेदी केले, ते संपलेही. मागाहून स्थापन झालेली कंपनी बुडाली. जी जन्मलीच नव्हती, तिचा मुखत्यार कोण? देणे प्रवर्तकांच्याच अंगावर आले; कंपनीची नंतरची संमतीही उपयोगी पडली नाही. आपल्याकडे १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टने कंपनीस असा करार मागाहून स्वीकारण्याची वाट ठेविली आहे. पण नोंदणीच झाली नाही तर? आमच्याजवळ वडिलार्जित वाडीखेरीज होते काय? आम्ही मुदत मागितली. व्यापाऱ्याने ओव्हन दुसऱ्यास विकला.