उद्या नसलेला सामना

अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये १७ सामन्यांचा हंगाम पार पाडून १४ संघ जानेवारीत प्लेऑफला पोचतात, आणि तिथून पुढे एक सामना हरला की थेट घर गाठायचं. बास्केटबॉलच्या बाद फेरीत मालिका असते. आजची हार परवा भरून काढता येते. इथे परवा नाहीच. पुढचा दिवस उरला नाही की माणूस आजच्या दिवसासाठी स्वतःचं काय काय पणाला लावतो, आणि दुसऱ्याचंही काय काय लावायला धजावतो, हे या सामन्यांत जितकं उघडं दिसतं तितकं मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेलं नाही.

२९ जानेवारी २०२३च्या रविवारी अंतिम फेरीआधीचे दोन सामने होते. आपल्याकडे तेव्हा सोमवार लागलेला होता. पहिल्या सामन्यात, फिलाडेल्फियात, सॅन फ्रान्सिस्कोचा तरुण क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी याच्या उजव्या कोपराचा लिगामेंट सुरुवातीलाच फाटला. त्याच्या जागी आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार बसला आणि त्यालाही बाहेर जावं लागलं. मग पर्डीच परत आला. क्वार्टरबॅकचं मुख्य काम चेंडू फेकण्याचं, आणि याला तर धड फेकताच येत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्को ३१-७ असं हरलं. इतका वेळ हतबल उभा असलेला संघ बघताना जिंकणाऱ्यांच्या आनंदातही मन रमेना.

दुसरा सामना कॅन्सस सिटीत. यजमान संघाचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स आठ दिवसांपूर्वी दुखावलेला घोटा घेऊन खेळत होता. २०-२० अशी बरोबरी, शेवटचे काही सेकंद. महोम्स लंगडत सीमारेषेकडे धावला आणि रेषेबाहेर पडला. एकदा रेषा ओलांडली की त्या खेळाडूला हात लावायचा नाही, असा नियम आहे. सिनसिनाटीचा २२ वर्षांचा जोसेफ ओसाई मागून वेगात येत होता. त्याने ढकललं. पंचांनी १५ यार्डांचा दंड दिला, त्यामुळे आवाक्यात आलेली ४५ यार्डांची किक हॅरिसन बटकरने मारली आणि सिनसिनाटी २३-२० असं हरलं. त्याच धडपडीत ओसाईचा गुडघाही दुखावला होता. तो बाकावर बसून रडत होता.

ओसाईच्या त्या धक्क्यात मला दुष्टपणा दिसत नाही. पूर्ण वेगात धावणाऱ्या धिप्पाड माणसाला अर्ध्या पावलात थांबणं किती कठीण, हे पडद्यावरही कळतं. ठरवून केलेली हिंसा वेगळी असते. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघाच्या बाबतीत लीगने २०१२मध्ये उघड केलं ते या दुसऱ्या जातीचं होतं. २००९ ते २०११ या हंगामांत प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करणाऱ्या टॅकलसाठी रोख बक्षिसं ठेवली जात होती, असा लीगच्या चौकशीचा निष्कर्ष होता. मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांना पूर्ण वर्षभर निलंबित करण्यात आलं. खेळाडूंवरची निलंबनं मात्र पुढे अपिलात रद्द झाली. दोषाचं मोठं ओझं प्रशिक्षक आणि संघाच्या अधिकाऱ्यांवर ठेवलं गेलं. मला ते योग्य वाटतं. मैदानावरचा तरुण जे करतो त्याची मुळं पुष्कळदा त्याला शिकवणाऱ्यांच्या शब्दांत असतात.

कॅन्सस सिटीतल्या त्या रात्री सिनसिनाटीच्या एका सहकाऱ्याने ड्रेसिंग रूमकडे जाताना ओसाईच्या त्या चुकीवर कॅमेऱ्यासमोरच संताप काढला. नंतर त्याने त्याबद्दल माफीही मागितली. आणि बी. जे. हिल नावाचा दुसरा सहकारी, पत्रकार ओसाईला घेरून प्रश्न विचारत असताना, त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तिथून हलला नाही. हंगाम हिलचाही संपला होता, सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, त्याच्याही हातून गेला होता. तरीही त्या घटकेला आपल्या माणसाला एकटं पडू द्यायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. त्या दिवसातलं मला सर्वांत मोठं वाटलेलं काम हेच.

दुखापत झालेल्या माणसाशी कसं वागावं, याची परीक्षा तर सगळ्यांचीच होते. जानेवारी २००८मध्ये सॅन डिएगोचा फिलिप रिव्हर्स गुडघ्याचा मुख्य लिगामेंट फाटलेला असताना, त्याच आठवड्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घेऊन, न्यू इंग्लंडविरुद्ध पूर्ण सामना खेळला. संघ हरला, पण रिव्हर्सच्या जिद्दीची गोष्ट आजही सांगितली जाते. तीन वर्षांनी, जानेवारी २०११मध्ये, शिकागोचा क्वार्टरबॅक जे कटलर ग्रीन बेविरुद्ध गुडघा दुखावल्यामुळे तिसऱ्या सत्रात बाहेर आला आणि सीमारेषेजवळ उभा राहिला. सामना संपण्याआधीच ट्विटरवर इतर संघांतले व्यावसायिक खेळाडू त्याला भित्रा ठरवून मोकळे झाले. हे तेच लोक, ज्यांना गुडघा जातो म्हणजे काय होतं ते शरीराने माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तपासणीत लिगामेंटची दुखापत खरी असल्याचं निष्पन्न झालं. ब्रायन अर्लाकरसारखे त्याचे सहकारी पाठीशी राहिले, पण डाग लागायचा तो लागलाच होता.

कटलरकडे बघून त्या काळातले तरुण क्वार्टरबॅक काय शिकले असतील? ६ जानेवारी २०१३ला वॉशिंग्टनचा रॉबर्ट ग्रिफिन सिएटलविरुद्ध उतरला तो आधीच दुखावलेल्या गुडघ्याला आधाराचा पट्टा बांधून. वय २२, पहिलाच हंगाम, शहराचा लाडका. पहिल्याच सत्रात तो लंगडू लागला. संघ तेव्हा १४-० असा पुढे होता. आपण खेळू शकतो, असं त्याने प्रशिक्षकांना सांगितलं आणि प्रशिक्षकांनी ते मानलं. चौथ्या सत्रात चेंडू घ्यायला वाकताना तो गुडघा जागीच मुडपला. लिगामेंट फाटले होते, शस्त्रक्रिया झाली. संघ २४-१४ असा हरला. ग्रिफिन पुढे खेळला, पण त्या पहिल्या वर्षाचा ग्रिफिन पुन्हा दिसला नाही.

या गोष्टी अमेरिकेच्या आहेत म्हणून आपण लांब राहून बोट दाखवावं, असं नाही. २००२ साली अँटिग्वात अनिल कुंबळे मोडलेल्या जबड्याला पट्टी बांधून गोलंदाजीला आला आणि त्याने लाराला बाद केलं, तेव्हा माझाही ऊर भरून आला होता. आजही येतो. त्या धैर्याचं मोल मला कमी करायचं नाही. पण एकाने स्वखुशीने दाखवलेलं असामान्य धैर्य पुढच्या प्रत्येकावर कर्तव्य म्हणून लादलं जातं, तिथे माझं मन अडतं. ‘तो खेळला, मग तू का नाही?’ या प्रश्नाला बावीस वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं.

डोक्याच्या बाबतीत, खेळायचं की नाही हे खेळाडूवर सोडता येत नाही, हे अमेरिकेला फार मोठी किंमत देऊन उमगलं. पिट्सबर्गसाठी चार सुपर बोल जिंकलेला माइक वेबस्टर २००२मध्ये पन्नासाव्या वर्षी वारला. शेवटची वर्षं त्याने भ्रमिष्ट अवस्थेत काढली. डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत सीटीई या आजाराच्या खुणा सापडल्या. वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी या आजाराचा संबंध जोडला जातो. २०१७मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी या लीगच्या १११ दिवंगत खेळाडूंचे दान केलेले मेंदू तपासले, तेव्हा ११० मेंदूंत तो आढळला. त्रास दिसल्यामुळेच अनेक कुटुंबांनी मेंदू दिले असणार, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. तरी तो आकडा वाचून स्वस्थ बसवत नाही. आता प्रत्येक सामन्याला संघाच्या पगारावर नसलेले मेंदूतज्ज्ञ हजर असतात. डोक्याला मार बसल्याची शंका आली की तपासणी होते, आणि खेळाडूने कितीही सांगितलं तरी डॉक्टरांच्या संमतीशिवाय तो परत जाऊ शकत नाही.

जानेवारी २०२१मध्ये क्लीव्हलँडविरुद्ध महोम्स टॅकलनंतर उठताना डगमगला. त्याला बाहेर नेलं, आणि तो त्या सामन्यात परतला नाही. लीगचा सर्वांत मोठा तारा, चुरशीचा प्लेऑफ सामना, तरी नियम नियमासारखा चालला. पस्तिशीचा बदली खेळाडू चॅड हेनी आला, शेवटी शरीर झोकून धावला आणि संघ २२-१७ असा जिंकला. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या परवानगीने महोम्स पुन्हा उतरला. त्याला कुणी भित्रा म्हटलं नाही, कारण बाहेर बसण्याचा निर्णय त्याचा नव्हताच.

मला या साऱ्याचं सार इथे सापडतं. ज्याच्या समोर उद्या नाही, त्याला आपल्या उद्याचा निर्णय घ्यायला सांगणं हा अन्याय आहे. डोक्यासाठी लीगने तो निर्णय खेळाडूच्या हातून काढून घेतला, पण गुडघा, घोटा, कोपर यांचा निवाडा अजून खेळाडू, प्रशिक्षक आणि संघाचे डॉक्टर यांच्यातच होतो, आणि तिघांनाही तो सामना जिंकायचा असतो. निदान बाद फेरीत तरी तिथेही बाहेरच्या डॉक्टरचा शब्द अखेरचा असावा. त्याने काही चुरशीचे सामने फिके होतील. ते मला चालेल. नियम होईल तेव्हा होवो. बाहेर येणाऱ्या खेळाडूला भित्रा न म्हणणं आणि चुकलेल्याच्या बाजूला हिलसारखं उभं राहणं, याला मात्र कुठल्याही लीगची परवानगी लागत नाही. ते प्रेक्षकाला आजपासून करता येतं, आणि त्याने ते करावं.