अंगाला बेतलेली गाडी

सदऱ्याचा खांदा अर्धा इंच जरी उतरलेला दिसला, तरी इचलकरंजीतील त्या कापड दुकानाचे मालक गिऱ्हाइकाला तो तसाच नेऊ देत नाहीत. "अंगावर बसला पाहिजे," असे म्हणून शिंप्याकडे पाठवतात. घरीदारी त्यांना सारे अण्णा म्हणतात. हेच अण्णा 1984 सालच्या बुलेटवर मात्र वर्षानुवर्षे पोक काढून, हात ताणून बसत आले. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील उंच, लांब हातापायांचे. अण्णा त्यांच्याहून चांगले चार बोटे बुटके. वडिलांच्या मापाने लावून घेतलेले हँडल मुलाने कधी हलवले नाही. हलवता येते, हे ठाऊक नव्हते असेही नाही. वडिलांच्या वस्तूला हात लावू नये, एवढेच.

साठी जवळ आली तशी कोल्हापूरची फेरी जड होऊ लागली. जेमतेम 30 किलोमीटरचा रस्ता, पण निम्म्यातच उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होत आणि उतरल्यावर कंबर सरळ व्हायला वेळ लागे. घरात साऱ्यांनी दोष वयाला दिला. थोरला मुलगा म्हणाला, "अण्णा, आता विकून टाकू या." त्याने एक गिऱ्हाईकही पाहून ठेवले. अण्णांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. व्यापाऱ्याचे असे मौन घरच्यांना नेमके कळते.

डॉक्टरांनी साखर तपासली, मान आणि कोपर पाहिले आणि मग विचारले, "गाडीवर बसता कसे?" या दोन बोटांकडे जाणारी नस तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाते. शरीराचा भार हँडलवर टाकून बसले, की ती तिथे दबते. म्हणजे दुखणे बोटांत असले तरी त्याचे मूळ बैठकीत असू शकत होते.

जुन्या मिस्त्रींनी कामाला सुरुवातही बैठकीपासूनच केली. आधी सीट, मग हँडल, शेवटी पायाकडचे; हा क्रम उलटला तर केलेले काम पुन्हा करावे लागते, कारण सीटची उंची बदलली की बाकीची सारी मापे बदलतात. आतला फोम दोन बोटे खचला होता. त्यामुळे गुडघे अधिक दुमडत आणि उतारावर घसरावे तसे शरीर टाकीकडे सरके. नवा, घट्ट फोम घातला. पण तेवढ्याने सीट उंच होऊन अण्णांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. एवढी वजनदार गाडी चौकात पायाच्या बोटांवर तोलणे साठीच्या माणसाला परवडणारे नाही. तेव्हा पुढच्या बाजूने फोमच्या दोन्ही कडा तासून सीट मांड्यांमध्ये अरुंद केली. पाय पुन्हा टेकले.

हँडलच्या पकडी सैल करण्यापूर्वी मिस्त्रींनी जुन्या जागेवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. न सांगता केलेले हे काम अण्णांना फार आवडले. हँडल किंचित मागे फिरवले आणि खांदे आपोआप खाली आले. क्लच आणि पुढचा ब्रेक यांच्या मुठी इतक्या वर होत्या की मनगट मागे मोडावे लागे. त्या खाली वळवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा झाली. या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. गिअरचा दांडा त्याच्या दातेरी आसावर एक दाता खाली बसवला. ब्रेकचे पेडलही उतरवले आणि मागच्या चाकाजवळच्या नटाने दांडीची ढील नव्याने ठरवली. चाक मोकळे फिरते ना, मागचा दिवा वेळेवर लागतो ना, हे पाहूनच मिस्त्री उठले.

पुतण्याला उंच, चकचकीत हँडल हवे होते. तसली हँडले चित्रात शोभतात. त्यांना केबली लांब लागतात. तशा बदलल्या नाहीत, तर वळणावर केबल ताणून इंजिन आपोआप वेग घेते. आहे त्या हँडलचीही मिस्त्रींनी ही परीक्षा घेतली. गाडी जागेवर चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवले आणि आवाज चढत नाही याची खात्री केली.

पहिले दोन दिवस अण्णांनी गाडी सकाळच्या रिकाम्या रस्त्यावरच चालवली, कारण पायाला ब्रेकची जुनी जागा पाठ होती. महिन्याभरात कोल्हापूरपर्यंत बोटे जागी राहू लागली. कंबर अजून धरते, पण पूर्वीइतकी नाही.

किकचे मात्र काही करता आले नाही. अँपिअरचा काटा मध्यावर आणून नेमकी कुठे किक मारायची, हे अण्णांइतके घरात कुणाला कळत नाही. पण गुडघा ते सोसत नाही. हल्ली सकाळी अण्णा शेजारी उभे राहून "अजून थोडी खाली... आता मार," असे सांगतात आणि थोरला किक मारतो. ज्याने गिऱ्हाईक पाहून ठेवले होते, तोच हा मुलगा. त्या गिऱ्हाइकाला त्याने काय सांगितले, हे अण्णांनी विचारलेले नाही.