घोड्याच्या चालीने

सायकल म्हटले की आमच्या पिढीला शाळा, दळणाचा डबा आणि डबलसीट आठवते. निव्वळ हिंडण्यासाठी सायकल चालवायची, ही चैन मला सत्तरीनंतर कळली, इंग्लंडात मुलाकडे राहताना.

तिथे रेडिंगपासून बाथकडे केनेट अँड एव्हन नावाचा कालवा जातो. तो १८१० साली पूर्ण झाला. मालाच्या नावा घोडे ओढत, म्हणून काठाने त्यांच्यासाठी वाट ठेवली. ती पाण्याच्या कडेने जाते, त्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. माझ्या गुडघ्यांना आणखी काय हवे? अपवाद डिव्हायझेस गावाचा. तिथे दोन मैलांत २९ लॉक, म्हणजे पाण्याच्या पायऱ्याच. नावेला त्या चढायला पाच-सहा तास लागतात. मी सायकल हातात धरून सावकाश चढलो.

या वाटेवर पहिला मान पायी चालणाऱ्याचा. घंटी वाजवायची, वेग कमी करायचा, जमल्यास दोन शब्द बोलायचे. घाई असलेल्याने इथे येऊच नये.

रेल्वे आली आणि कालवा मागे पडला. १८५२ मध्ये तो रेल्वे कंपनीनेच विकत घेतला. पुढे बराच भाग बंद पडला. पण स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून तो वाचवला आणि १९९० मध्ये तो पुन्हा खुला झाला.

निवृत्तीनंतर 'आता आपला उपयोग काय?' हा प्रश्न मलाही छळत असे. हा कालवाही मालवाहतुकीतून केव्हाच निवृत्त झालेला. तरी त्याच्या काठी रोज माणसे येतात, ती त्याच्या संथपणासाठीच.