शेपूट आपल्याकडे

मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी हमखास विचारतं, “काय, ड्रोन उडवता म्हणे?” ड्रोन नाही, हेलिकॉप्टर, असं म्हटलं की समोरचा “तेच ते” म्हणतो आणि वड्यांच्या रांगेत सरकतो. हे ‘तेच ते’ मला झोंबतं. म्हणून हा खुलासा.

ड्रोनच्या स्टिक सोडून दिल्या तर तो आहे तिथेच हवेत उभा राहतो. जीपीएस आणि पोटातला कॉम्प्युटर त्याला सावरतात. मॉडेल हेलिकॉप्टरच्या स्टिक सोडल्या तर ते कुठल्यातरी बाजूला कलतं, कललं तिकडे पळतं आणि बघता बघता बीटच्या शेतात. वरची पाती एका दिशेने फिरतात म्हणून धड उलट दिशेने फिरू बघतं. ते शेपटाच्या पंख्याने अडवायचं. तो पंखा मग अख्ख्या यंत्रालाच बाजूला ढकलतो, म्हणून वरची पाती किंचित कलती ठेवायची. स्थिर उभं दिसणारं हेलिकॉप्टर असं कायम थोडं तिरकं असतं. हल्ली शेपूट जायरो सांभाळतो, काही मॉडेलांत सगळं सरळ करून देणारं ‘रेस्क्यू’ बटणही येतं. आमच्या क्लबातल्या शिक्षकांनी ते पहिल्याच दिवशी बंद करायला लावलं.

हे शिक्षक निवृत्त गृहस्थ, मैदान फ्रांकफुर्टच्या उत्तरेला वेटेराउच्या शेतांत. त्यांची रीत पाहून मला तबल्याचा क्लास आठवला, आणि ही उपमा मी आता सोडणार नाही. आमचे गुरुजी ‘धा धिं धिं धा’च्या पुढे सरकूच देत नसत. पोरं कायदे वाजवायला उतावीळ. गुरुजी म्हणायचे, आधी हात बसू दे. इथेही तेच. आधी घरी सिम्युलेटर. मग हॉवर: डोळ्यांच्या उंचीवर, शेपूट आपल्याकडे, एका जागी. आठवडेच्या आठवडे एवढंच. डाव्या स्टिकवर उंची आणि शेपूट, उजवीवर पुढे-मागे आणि डावं-उजवं. डग्गा-तबल्यासारखं एका हाताने काही केलं की दुसऱ्याने ते सांभाळून घ्यायचं, तेही विचार न करता. विचार करायला गेलात की सम चुकलीच. गुरुजी आमच्या हातावर हात ठेवून बोल काढून घेत. हे गृहस्थ आपला आणि शिष्याचा असे दोन रिमोट जोडतात आणि स्वतःच्या रिमोटवरचा स्विच बोटाने दाबून धरतात. नाक भलतीकडे वळायला लागलं की बोट सुटतं, हेलिकॉप्टर त्यांच्या ताब्यात. तोंडाने चकार शब्द नाही. त्यांच्या कपाळावरची आठी वाचायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

खरी कसोटी नाक आपल्याकडे वळल्यावर. तेव्हा डाव्याचं उजवं होतं, आणि स्टिक पुढे ढकलली की यंत्र अंगावर येतं. 70 सेंटिमीटर व्यासाची पाती मिनिटाला 2800 फेरे घेत असली, तर टोकाचा वेग ताशी साधारण 370 किलोमीटर पडतो. एवढा हिशेब केल्यावर आठीला नावं ठेवावीशी वाटत नाहीत.

शिवाय हा छंद इथल्याच मातीतला. रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर नीट ताब्यात ठेवून ज्यांनी उडवून दाखवलं, त्यांतले अग्रणी डीटर श्ल्यूटर. त्यांचा कारखाना मेनकाठच्या म्युल्हाइमला, आमच्यापासून जवळच. सुरुवातीला त्यांच्या हाताशी इलेक्ट्रॉनिक जायरोसुद्धा नव्हता. ड्रोनवाल्यांनी हे जरूर ऐकावं. ड्रोन हा उडणारा कॅमेरा आहे. चांगला असतो, लग्नाचे फोटो छान येतात.

आता कामाचं. जर्मनीत मॉडेल केवढंही असो, तिसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा सक्तीचा आहे. घरच्या नेहमीच्या पॉलिसीत तो असतोच असं नाही, क्लबच्या सभासदत्वातून बहुधा मिळतो. 250 ग्रॅमच्या वर यंत्रावर नोंदणी क्रमांक लावावा लागतो. त्याहून महत्त्वाची लिपो बॅटरी. पूर्ण चार्ज म्हणजे सेलला 4.2 व्होल्ट, त्यावर एक कणही नाही. आठवडाभर उडवायचं नसेल तर 3.8 च्या आसपास आणून ठेवायची. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. चार्जिंगला लावून बाजारात जायचं नाही, आणि चार्जरखाली गालिचा नाही, फरशी हवी.

दिवाळीला घरी जाताना भाच्यासाठी हेलिकॉप्टर न्यावं का, असं बरेच जण विचारतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. हातातल्या सामानात, टोकं झाकून न्याव्या लागतात. पण खरी अडचण उतरल्यावर. भारताने 2022 च्या फेब्रुवारीत परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, आणि रात्री दोन वाजता मुंबईच्या कस्टमच्या टेबलाशी ‘हे ड्रोन नाही, हेलिकॉप्टर’ हा खुलासा मलाही जमणार नाही. तिथेही ‘तेच ते’ म्हणणारेच भेटतील. त्यापेक्षा भाच्याला सिम्युलेटर आणि त्याचा यूएसबी कंट्रोलर घेऊन द्या. हात तिथेच बसतो, आणि पाती मोडली तर खर्च शून्य.