जवस आणि ताक

दहावीच्या वर्षी आमच्या घरात बदाम आले. त्याआधी ते दिवाळीत पाहुण्यांपुढे ठेवायच्या वाटीत दिसायचे, तेवढेच. आई रात्री चार-पाच बदाम भिजत घालायची, सकाळी सालं काढून माझ्या हातावर ठेवायची आणि मी चावून गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. शेजारच्या काकूंनी शंखपुष्पीचं सिरप सुचवलं, तीही बाटली आली. पिंपरीच्या संत तुकारामनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत बुद्धीसाठीचं खाणं असं विकत यायचं आणि परीक्षा संपली की बंद व्हायचं.

जवसाची चटणी मात्र बाराही महिने असायची. तिचा बुद्धीशी काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आई-बाबा लातूरकडचे, म्हणून ती होती. औद्योगिक महामंडळ 1962 साली आलं, पिंपरी-चिंचवड-भोसरीत कारखान्यांची रांग लागली आणि बाबांसारखी कितीतरी माणसं मराठवाड्यातून, खानदेशातून, सोलापुराकडून इथं नोकरीला आली. ती येताना आपापली चटणी घेऊन आली. बाबा सांगायचे, कॅन्टीनच्या टेबलावर डबे उघडले की कोण कुठल्या जिल्ह्याचा ते विचारावं लागायचं नाही. शेंगदाण्याची असेल तर सोलापूरचा, काळी कारळ्याची असेल तर देशावरचा, जवसाची असेल तर आमच्याकडचा नाहीतर विदर्भातला. गावाहून एसटीनं येणाऱ्या पिशवीत ज्वारी असायची, तूर असायची, आणि शेताच्या कडेला रब्बीत पेरलेलं जवसही असायचं.

आई ते लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायची. जवस तापलं की तडतडून बाहेर उडतं, म्हणून एका हातात झाकण. तडतड मंदावली की तवा खाली. गरम असताना कुटायचं नाही, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. गार झाल्यावर खलबत्त्यात सुकी मिरची, जिरं, मीठ आणि सालासकट लसूण. लसूण शेवटी, नुसता ठेचण्यापुरता. आई जाडसरच ठेवायची, पण एकही दाणा अख्खा राहू द्यायची नाही. राहिलेला दाणा बोटानं वेचून पुन्हा बत्त्याखाली घालायची. ताटात त्यावर तेलाची धार आणि बाजूला भाकरी.

तिची ही शिस्त किती बरोबर होती, ते मला फार पुढे कळलं. जवसाचं टरफल कठीण आणि गुळगुळीत असतं. अख्खा दाणा पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, त्यातलं तेल अंगी लागत नाही. त्या तेलातच तर सगळं आहे. जवसात साधारण 40 टक्के तेल, आणि त्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतून मिळणारं ओमेगा-3. मेंदूला लागतं ते डीएचए नावाचं ओमेगा-3. ते थेट माशांतून मिळतं. जवसातल्या आम्लापासून शरीर डीएचए बनवतं, पण फारच थोडं. म्हणून जवस खाल्लं आणि पाठांतर सुधारलं, असं होत नाही. घाटावरच्या मासे न खाणाऱ्या घरांत मात्र ओमेगा-3 आणणाऱ्या स्वस्त पदार्थांत जवसाचा नंबर वरचा आहे, एवढं नक्की.

या तेलाशी माझी ओळख ताटाबाहेरही होती. आमच्या कॉलनीत नवी बॅट आली की तिला अळशीचं तेल चोळून रात्रभर ठेवायचो. तेच हे, जवसाचं. पुढे मी चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपला लागलो, तिथल्या जुन्या वरिष्ठांनी समजावलं की कित्येक शतकं जगातले रंगारी याच तेलात रंग कालवत आले, कारण ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि वाळून कडक पापुद्रा धरतं. घरी गेल्यावर आईची दुसरी सवय लख्ख कळली. ती चटणी आठवड्यापुरतीच करायची, जास्त नाही. जो गुण तेलाला रंगात उपयोगी पाडतो, तोच कुटलेल्या चटणीला खवट करतो. हल्ली दुकानात महिनोन्‌महिने पडून असलेली जवसाची पूड ‘ब्रेन फूड’ म्हणून विकली जाते, ती मी घेत नाही.

बाबा गेले आणि काही वर्षांनी आई विसरायला लागली. गॅसवर दूध ठेवून गॅलरीत जाऊन बसायची. मग तोच प्रश्न पुन्हा. मग एके दिवशी नातीला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारली आणि सुधारलीच नाही. पाय मुंग्या आल्यासारखे जड वाटतात, म्हणायची. नातेवाईक घरी आले की ब्राह्मी सुचवायचे, अक्रोड आणायचे. या सल्ल्यांना मी हसणार नाही. चरकानं मेध्य रसायनं म्हणून चार वनस्पती सांगितल्या आहेत, मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. म्हणजे बुद्धी राखण्यासाठी काहीतरी खावं, ही आपल्याकडची फार जुनी तळमळ आहे. डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, मधुमेहाची गोळी किती वर्षं चालू आहे? आणि रक्त तपासायला सांगितलं. बी-12 तळाला गेलं होतं.

हे जीवनसत्त्व मज्जातंतूंवरचं आवरण आणि रक्त, दोन्हीसाठी लागतं. ते कुठल्याही झाडात तयार होत नाही. भाकरीत नाही, पालेभाजीत नाही, बदाम-अक्रोडात नाही, माझ्या लाडक्या जवसातही नाही. ते जीवाणू बनवतात आणि आपल्याला दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. यकृत त्याचा काही वर्षांचा साठा ठेवतं, त्यामुळे कमतरता चोरपावलांनी येते. आईनं माळ घातलेली, त्यामुळे अंडी-मटणाचा प्रश्नच नव्हता. वय झालं तसं दूध पचेना, दह्यानं कफ होतो म्हणून तेही सुटलं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेली मेटफॉर्मिन बी-12 शोषलं जाण्यात अडथळा आणते, ही भर. इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांत पायांतल्या मुंग्या कमी झाल्या, आणि एका सकाळी तिनं मला विचारलं, दूधवाल्याचा हिशेब केलास का? मला किती बरं वाटलं, सांगता येत नाही. सगळं परत आलं नाही. विसरण्याची कारणं अनेक असतात आणि बी-12 त्यांतलं एक. पण ते भरून काढता येण्याजोगं आहे, म्हणून घरात कुणी विसरू लागलं तर आधी ही साधी रक्ततपासणी करून घ्या, असं मी भेटेल त्याला सांगतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले होते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 67 टक्के जणांत बी-12 कमी निघालं, आणि सर्वांत वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची होती, 81 टक्के. बदाम परवडणाऱ्यांची! हा आकडा वाचून मी बराच वेळ गप्प होतो. आणखी एक गोष्ट मला पिंपरीकर म्हणून फार जवळची वाटते. औषधातलं बी-12 सूक्ष्मजीवांच्याच टाक्यांत आंबवून काढतात, आणि एके काळी ते स्ट्रेप्टोमायसिन बनवताना जोडीनं निघायचं. आमच्या घरापासून जवळच, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, 1955 पासून पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन अशाच टाक्यांत तयार होत असे. आम्ही पोरं नुसते ‘एचए’ म्हणायचो आणि भिंतीकडेनं शाळेत जायचो.

मेंदूसाठी खास आहार असतो का, हे शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं. पालेभाज्या, बेरीवर्गीय फळं, सुकामेवा, मासे असा त्यांचा ‘माइंड’ आहार. 604 जणांवर तीन वर्षं केलेल्या त्यांच्या चाचणीचा निकाल 2023 साली आला. बेताचं खाणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा या गटाची स्मरणशक्ती लक्षणीय सरस निघाली नाही. मला त्यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. पोटभर खाणाऱ्याला आणखी चांगलं खाऊ घालून फार फरक पडत नसेल, पण ज्याच्या ताटात मुळातच उणीव आहे त्याची गोष्ट वेगळी.

अशी ताटं मी रोज बघतो. चाकणच्या आसपास खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळी, तिथल्या भाड्याच्या खोल्यांत चार-सहा पोरं मिळून राहतात. कुणी परभणीचा, कुणी यवतमाळचा, कुणी थेट बिहारचा. तिसरी पाळी सुटली की नाक्यावर चहा-वडापाव, मग दिवसा पत्र्याखाली उकाड्यात तुटक झोप, संध्याकाळी पुन्हा चहा. आदल्या रात्री दिलेलं मशीनचं सेटिंग दुसऱ्या रात्री आठवत नाही म्हणून सुपरवायझर ओरडतो. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, आणि झोपेची जागा चहा घेऊ शकत नाही. चहानं डोळे उघडे राहतात, तेवढंच. त्या पोरांना बुद्धीचं सिरप नको आहे. त्यांना दही हवं, उसळ हवी, अंधारी थंड खोली हवी.

खोलीचं माझ्या हातात नाही. जेवणाचं थोडं आहे. मोठ्या कारखान्यात कायद्यानं कॅन्टीन लागतं, आणि त्याच्या कमिटीत कामगारांचे प्रतिनिधी बसतात. मी त्यांतला एक. तिसऱ्या पाळीच्या जेवणात ताक ठेवायचं मान्य झालं आहे, ते पाणीदार निघतं म्हणून भांडण चालू आहे. खाणाऱ्याला उकडलेलं अंडं, हा विषय पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. जवसाची चटणी करायला ठेकेदार लगेच तयार झाला. दर आठवड्याला ताजी कुटायची आणि दाणा अख्खा राहता कामा नये, एवढ्या दोनच अटी मी त्याला घातल्या आहेत.