दाखला मागण्याची विद्या

बोधात्मक वर्तनोपचार शिकू लागले तेव्हा मला प्रथम मोह पडला तो त्याच्या जन्मकथेचा. फिलाडेल्फियाचे डॉ. ॲरन बेक मूळचे मनोविश्लेषक. खिन्न माणसाचा स्वतःवर उलटलेला क्रोध त्याच्या स्वप्नांत सापडेल या अपेक्षेने त्यांनी संशोधन आरंभिले आणि हाती आली ती मात्र हानीची, अव्हेराची, वैफल्याची स्वप्ने. पुराव्यापुढे आपला सिद्धान्त सोडून देण्याच्या या वृत्तीतूनच १९६०च्या दशकात ही पद्धती उदयास आली, आणि रुग्णाकडूनही ती तेवढेच मागते.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना लोकलमध्ये गर्दी झाली की छातीत धडधड सुरू होई, ‘आता हृदय बंद पडणार’ असे वाटे, आणि त्या पुढच्याच स्थानकावर उतरून जात. हृदयाच्या तपासण्या निर्दोष निघाल्या होत्या. तरीही पर्समधील गोळी आणि दाराजवळची जागा यांवाचून त्यांचे पाऊल घराबाहेर पडत नसे. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणत, “धीर देऊ नका, दाखला मागा.” म्हणून वहीत रकाने आखले: प्रसंग, भावना, आपसूक आलेला विचार, त्याच्या बाजूची साक्ष, विरुद्ध साक्ष. धडधडीचा अर्थ मृत्यू असा लावला की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वेळीच उतरल्यामुळे वाचलो ही समजूत पक्की होते, हे चक्र त्यांनी स्वतःच्याच अक्षरांत मांडले.

मग धडधड मुद्दाम आणून पाहण्यासाठी आम्ही दोघी दवाखान्याचा जिना भराभर चढलो.

“ताई, हृदय बंद पडणार याची आता किती खात्री वाटते?”

“नव्वद टक्के, डॉक्टर. गोळी घेऊ?”

“थोडं थांबून पाहू या का?”

घामेजल्या हाताने कठडा धरून त्या उभ्या राहिल्या. श्वास आपोआप खाली बसला, आणि वहीत ९०च्या जागी ४० हा आकडा त्यांनीच लिहिला. युक्तिवादाने हे घडले नसते, असे माझे ठाम मत आहे. भित्या मनाला दुसऱ्याचा निवाडा पटत नाही, स्वतः पाहिलेले पटते. खिन्नतेतही तेच: उत्साह आल्यावर उठेन म्हणणाऱ्याला आधी अंगणापर्यंत चालवावे लागते आणि मग मनःस्थितीची नोंद करावयास सांगावे लागते.

ही विद्या शिकू इच्छिणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की रुग्णाच्या हाती वही देण्यापूर्वी आपण ती काही आठवडे प्रामाणिकपणे भरावी.